पुठ्ठ्याचं तागोउरा

८ एप्रिल, सोमवार

ही वही नोबुएची. माझ्यासारख्या मास्तराची बायको असल्यामुळे तिचं वर्ष एप्रिलात सुरू व्हायचं, आणि दर जानेवारीत ती नवी दैनंदिनी आणून ठेवायची. यंदाचीही आणली आणि फेब्रुवारीत ती स्वतःच गेली. काल कपाटात सापडली. कोरी वही रद्दीत टाकवेना, आणि टाकायचीच म्हटली तर कुठल्या वारी, कुठल्या पिशवीत, हे मला ठाऊक नाही. ते खातं तिच्याकडे होतं. म्हणून लिहायला बसलो. मूलबाळ नाही, वाचायला कोणी नाही, त्यामुळे अक्षर वाईट आलं तरी चालेल.

आज शाळा सुरू झाली. निवृत्तीनंतरही मला आठवड्यातून दोनदा बोलावतात, चित्रकला आणि हस्तकलेसाठी. मुख्याध्यापिका होरिउचीबाईंनी सांगितलं की तागोउराच्या शाळेचं हे शेवटचं वर्ष. मार्चनंतर मुलं बसने डोंगरापलीकडच्या शाळेत जाणार. सगळ्या मोठ्यांनी माना खाली घातल्या. मुलांनी नाही. दुसरीतला रेंतारो विचारत होता, बसमध्ये खिडकीची जागा कोणाला मिळणार.

१८ एप्रिल, गुरुवार

नोव्हेंबरात गावाच्या सभागृहात प्रदर्शन भरतं. त्यात शाळेचं एक टेबल असतं. यंदाचं टेबल शेवटचं, म्हणून मुलांनाच विचारलं काय करू या.

सहावीतली कोहारु म्हणाली, "गावच करू. सगळं तागोउरा. आपण नसलो तरी ते राहील."

"कशाचं करणार?"

"तुम्ही सांगा. गुरुजी तुम्ही आहात."

होरिउचीबाईंनी आधीच बजावलंय की बंद होणाऱ्या शाळेला नवं सामान मिळणार नाही. मग ठरलं, घराघरातली टाकाऊ खोकी, डबे, झाकणं, बाटल्या, बंदरावरच्या फाटक्या जाळ्या, यांचंच गाव. घर पाहावं बांधून म्हणतात, आम्ही अख्खं गाव बांधायला निघालो.

२३ मे, गुरुवार

अपमान झाला.

आमच्याकडे कचऱ्याच्या पिशवीवर घराचं नाव लिहावं लागतं. वार चुकला किंवा बाटलीचं झाकण काढायचं राहिलं, की गाडीवाले पिशवी उचलत नाहीत. वर लाल कागद चिकटवतात आणि जातात. मग जाणारा येणारा वाचतो. माझी पिशवी तशी पडून होती, वर ठळक अक्षरात 'इसोगाई'. पुन्हा आणायला जायची लाज वाटली म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही.

आज कात्सुरादाबाई ती पिशवी हातात घेऊन दारात. आमच्या गल्ल्यांची कचऱ्याची देखरेख त्यांच्याकडे असते. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी राहते, मुलगा नागोयाला.

"गुरुजी, झाकण निराळं, बाटली निराळी, बाटलीवरचा कागद निराळा. नोबुएबाई होत्या तेव्हा असं कधी झालं नाही."

"नोबुए आता नाही."

"माहीत आहे. म्हणून तर पिशवी घेऊन आले."

उंबऱ्याशी बसून बाईंनी माझ्यादेखत सगळा कचरा निवडला. डोळे भलतीकडेच आणि बोटं मात्र पिशवीत. मी नुसता उभा. "सगळे एकट्याच्या जेवणाचे डबे," म्हणाल्या. "आणि सगळे एकाच प्रकारचे."

"मला तेच आवडतं," असं मी सांगितलं. लोकांना दुसऱ्याच्या कचऱ्यात नाक खुपसायची फार हौस.

२५ मे, शनिवार

दाराच्या कडीला शिजवलेल्या मुळ्याचा डबा कोणीतरी अडकवून गेलं. नाव नाही. चुकून माझ्या दाराला लागला असणार. सकाळपर्यंत वाट पाहिली, कोणी परत न्यायला आलं नाही, मग खाल्ला. नोबुएच्या हाताची चव नव्हती. पण संपवला.

१३ जून, गुरुवार

गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर मी कागद लावला होता की शाळेसाठी रिकामी खोकी हवीत. पाटी घरोघर फिरून परत आली, सगळ्यांचे वाचल्याचे शिक्के वर, आणि खोकं एक नाही. लोक वाचतात, शिक्का मारतात, पुढे ढकलतात. शेवटी मीच गोणी घेऊन निघालो.

पहिला कामेई न्हावी. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून पेपर वाचत होता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण याला बघूनच सुचली असावी. साबणाची खोकी दिली आणि वर टोमणा दिला, "इसोगाई गुरुजी नाही आता, पुठ्ठेगुरुजी."

मग कात्सुरादाबाई. त्यांच्याकडे एक औषधाचं खोकं निघालं, तेवढंच. फार ओशाळल्या. "एकट्या बाईकडे खोकी कुठून येणार, गुरुजी? साखरेचं दुखणं, गोड बंद. काही आणतच नाही मी." मला बसवून चहा दिला. ओतताना कपाच्या आत बोट धरतात, चहा बोटाला लागला की थांबतात. नोबुएने हे बघितलं असतं तर तो चहा प्याली नसती. मी प्यालो.

निघताना सहज बोलून गेलो की एखादं लांबट खोकं मिळालं असतं तर शाळेची इमारत झाली असती.

२७ जून, गुरुवार

नशीब म्हणजे काय असतं बघा. कात्सुरादाबाईंकडे लांबट खोकं तयार होतं. कास्तेराचं, त्या मधाच्या लांबुळक्या केकचं. आतून पुसलेलं, चिकटपट्टीचा एक तुकडा राहिलेला नाही. "कोणी दिलं का?" विचारलं तर म्हणाल्या, "आलं घरात." बरोबर शाळेच्या मापाचं.

११ जुलै, गुरुवार

आणखी दोन लांबट खोकी. मासळीबाजाराची सोय झाली. मी बोललो की आता दीपगृहासाठी गोल डबा हवा, तर बाई म्हणाल्या, "बघू. पुढच्या गुरुवारी याल ना?"

शाळा सुटल्यावर तिकडे जातो, पाचची धून गावच्या भोंग्यावर वाजली की उठतो. खोक्यांसाठी जातो. चहासाठी म्हणावं तर बाईंचा चहा पांचट असतो.

१८ जुलै, गुरुवार

गोल डबा मिळाला. तांदळाच्या पापड्यांचा, टिनचा. असा योगायोग.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गावाला केकचं वेड लागलंय. सुट्टीतही कात्सुरादाबाईंकडचा गुरुवार चुकवला नाही. केस कापायला गेलो तर कामेईने कास्तेराचा तुकडा पुढे केला. टपाल कचेरीतल्या बाईंच्या टेबलावर कास्तेरा. बंदरावर जाळी मागायला गेलो तिथेही म्हातारे कास्तेरा खात बसलेले, वर पापड्या.

"कुठून आणता रे?" कामेईला विचारलं.

"येतो गावात हल्ली. खा गप. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत."

कात्सुरादाबाईंना मात्र मी आज चांगलं सुनावलं. साखर आहे म्हणायचं आणि दर आठवड्याला केक रिचवायचा, हे काय? त्या हसल्या. "एखादाच तुकडा खाते हो." एका तुकड्याने खोकं रिकामं होत नसतं, हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं. पण दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं.

फिरती पाटी आज त्यांच्याकडेच होती. नाकाला लावून बघत होत्या, मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा आवाज छान आहे, वाचून दाखवा." मी वाचली. शाळेत चाळीस वर्षं वाचलं, कोणी आवाज छान म्हणालं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

गाव उभं राहिलं. मोठ्या फळीवर समुद्र रंगवला, रस्ते आखले, प्रत्येक घराच्या जागी पेन्सिलीने चौकोन काढून नाव लिहिलं. मुलांनी आपापली घरं केली, शिवाय शाळा, न्हावी, टपाल, बाजार, दीपगृह. रेंतारोने आपल्या घराला टूथपेस्टच्या खोक्यांचं छप्पर घातलं आणि आत कापसाचे आजोबा झोपवले. घरं सुटी आहेत, सभागृहात नेऊन फळीवर बसवायची.

कोहारु म्हणाली, "गुरुजी, तुमचा चौकोन रिकामा आहे. आणि कात्सुरादा आजींचा पण."

"ज्या घरात मूल आहे ते घर, आणि दुकानं. असंच ठरलं होतं."

"असं कोणी ठरवलं?"

"मी." ती माझ्याकडे बघत राहिली. हल्लीच्या मुली फार बघतात.

होरिउचीबाई आत डोकावल्या आणि म्हणाल्या की आता सामान आणू नका, खोली रिकामी करून द्यायची आहे. तेच मी संध्याकाळी कात्सुरादाबाईंना जाऊन सांगितलं. "आता नको खोकी. पुरे झाली."

त्या "बरं" म्हणाल्या. टेबलावर एक कास्तेरा होता, न कापलेला. "हे एवढं रिकामं करून देते," म्हणाल्या. मी म्हटलं, नकोच, आता ती टाकूनच द्यावी लागतील. मग चहाही झाला नाही. त्या किटली हातात धरून उभ्या होत्या आणि मला शाळेचं काम होतं, म्हणजे नव्हतं, पण निघालो. पाचची धून रस्त्यात ऐकली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

घरी लवकर पोचतो. टीव्ही लावला. बंद केला. तिकडे कशाला जायचं, काही कारणच नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा प्रदर्शन. फळी सभागृहात भिंतीला टेकवून ठेवली, पण जमिनीला मेण लावत होते, घरं आत ठेवू देईनात. उद्या दुपारी उघडतील म्हणे. मग सगळी घरं मोठ्या खोक्यांत भरून सभागृहाच्या बाजूच्या पडवीत ठेवली, रद्दीच्या शेडला लागून. वर निळं कापड बांधलं. कोणी हात लावू नये म्हणून कागदावर जाड अक्षरांत नाव लिहून चिकटवलं, 'इसोगाई'. नोबुए म्हणायची मी निष्काळजी. बघायला हवी होती.

२ नोव्हेंबर, शनिवार

गाव गेलं.

आज रद्दीचा वार होता. पहाटे अंधारात कात्सुरादाबाई शेड झाडायला आल्या. माझ्या नावाचा ढीग दिसला, म्हणून एकटीने बसून सगळा निवडला. चिकटपट्ट्या सोलल्या, झाकणं वेगळी, टिन वेगळं, खिडक्यांचा चकचकीत कागद वेगळा. खोकी दाबून सपाट केली, सुतळीने फुलीची गाठ मारून गठ्ठे बांधले. गाडी आली आणि घेऊन गेली. गाडीवाल्याने म्हणे शाबासकी दिली की असा गठ्ठा गावात दुसरा नाही.

मी पोचलो तेव्हा झाकणांची एक पिशवी होती, रंगावर नव्हे तर आकारावर निवडलेली, आणि शेजारी दीपगृह, म्हणजे परत पापड्यांचा डबा, कारण टिनचा वार मंगळवार. गल्लीतल्या बायकांनी मला हे सगळं सांगितलं. बाई घरी गेल्या होत्या. बरं झालं गेल्या होत्या.

कोहारुच्या घरी जाऊन सांगितलं. ती रडली नाही. "मी सगळ्यांना सांगते," म्हणाली आणि बूट घालायला लागली. रडायला मलाच आलं, तेही रस्त्यात, न्हाव्याच्या दुकानासमोर. कामेईने बघून दुसरीकडे तोंड केलं, एवढे त्याचे उपकार.

३ नोव्हेंबर, रविवार

टेबल रद्द करायला सांगणार होतो. मुलांनी ऐकलं नाही. नुसती फळी मांडली, समुद्र, रस्ते आणि नावं लिहिलेले चौकोन. आणि प्रत्येक मूल आपल्या चौकोनापाशी उभं राहून येणाऱ्याला सांगायला लागलं.

"हे आमचं घर," रेंतारो सांगत होता. "छप्पर टूथपेस्टचं. आत आजोबा झोपलेत, हळू बोला." लोक खरंच हळू बोलायला लागले. कामेई आपल्या दुकानाच्या चौकोनापुढे टोपी काढून बराच वेळ उभा होता. कोहारु माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गुरुजी, लोक आपल्याकडेच जास्त थांबतायत." दयेने थांबत असतील. मला त्या फळीकडे बघवत नव्हतं.

दुपारी कात्सुरादाबाई आल्या. भिंतीला हात लावत लावत, बोटांना पट्ट्या. माझ्यासमोर खूप खाली वाकल्या.

"क्षमा करा, गुरुजी. परत लाल कागद लागला असता. तुमचं नाव…"

"मुलांनी दारं रंगवली होती. खिडक्या रंगवल्या होत्या. तुम्हाला दिसत नव्हतं का?"

"नाही, गुरुजी. दिसत नव्हतं."

इतकं शांतपणे म्हणाल्या की माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उद्धटपणाला काही सीमा? मी म्हटलं, "मग दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही."

त्या आणखी एकदा वाकल्या. "माझीच खोकी हाताला लागली. ओळखीची ती, मीच पुसलेली. तुम्ही नको म्हणाला होता ना. मला वाटलं, टाकून दिलीत." मी पाठ फिरवली. लोक बघत होते, शोभा नको म्हणून.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

टपाल कचेरीत गेलो, टेबल रिकामं. बंदरावर म्हातारे नुसताच चहा पितात. केकचं वेड उतरलेलं दिसतंय.

शाळेत मुलं जुन्या वर्तमानपत्रांचे मुखवटे करतायत. मी फळी मागच्या खोलीत उलटी करून ठेवली आहे. गुरुवार फार लांबतो. पाचची धून वाजते तेव्हा मी घरीच असतो, आणि ती घरातून ऐकली की निराळीच वाटते. मला एकटं वाटतं. लिहून टाकलं, कोणी वाचणार नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

वर्ष संपायच्या आत केस कापून घ्यावेत म्हणून कामेईकडे गेलो. बाहेर ओला बर्फ. दुकानात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. निम्मं डोकं झाल्यावर म्हणाला, "गेल्या ना त्या."

"कोण?"

"कात्सुरादाबाई. परवा मुलगा येऊन घेऊन गेला, नागोयाला. डोळे पार गेले. साखरेने. उन्हाळ्यापासून नुसत्या सावल्या दिसत होत्या म्हणे, पण कोणाला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मुलाने तेव्हाच नेलं असतं, आणि त्यांना जायचं नव्हतं."

मी आरशात बघत होतो. आरशात मी आणि कामेई.

"आणि आमचा केक पण गेला," तो म्हणाला. "दर बुधवारी आणून द्यायच्या, अख्खा. म्हणायच्या, मला चालत नाही, तुम्ही खा, मला फक्त खोकं हवंय. टपालात, बंदरावर, सगळीकडे वाटायच्या. पुठ्ठेगुरुजींनाच तेवढं कळायचं राहिलं होतं. आम्ही म्हटलं, आपण कशाला बोला." कात्री थांबली. "गरज सरो, वैद्य मरो, नाही का गुरुजी? खोकी पुरे झाली, की चहाही पुरे."

मी आरशातून नजर काढून घेतली. उरलेलं डोकं त्याने तसंच कापलं.

२१ डिसेंबर, शनिवार

त्यांच्या घरावरून गेलो. खिडक्यांना फळ्या लावल्यात. मागच्या दाराशी कचऱ्याच्या रिकाम्या पिशव्यांची घडी दगडाखाली ठेवलेली, प्रत्येकीवर नाव आधीच लिहिलेलं, वेडंवाकडं, एका अक्षरावर दुसरं चढलेलं. मी दिसत नव्हतं का म्हणून विचारलं होतं. आणि त्यांनी खरं उत्तर दिलं होतं, गावात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर. ते ऐकणारा मी होतो.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

९ जानेवारी, गुरुवार

कामेईकडे मुलाचा पत्ता असेल का विचारलं. नव्हता. असता तरी मी काय केलं असतं, देव जाणे.

८ मार्च, शनिवार

दुपारी पार्सल आलं. मोठं आणि इतकं हलकं की माणसाने एका हाताने दिलं. पत्त्याचं अक्षर लहान मुलाचं. नागोयाहून, पाठवणाऱ्याचा पत्ताही आहे.

आत सपाट केलेली खोकी. कास्तेराची लांबट, बिस्किटांची, शिवाय एक गोल डबा. पुसून लख्ख केलेली, चिकटपट्टीचा एक तुकडा नाही, आणि सुतळीची फुलीची गाठ. चिठ्ठी नाही. नातवंडांनी केक खाल्ले असणार आणि आजीने खोकी धरून ठेवली असणार. शाळा दोन आठवड्यांनी बंद होतेय, हे त्यांना तिकडे कोणी सांगितलेलं दिसत नाही. की सांगितलंय?

गाठ सोडायला जीव होईना. रात्री जेवणाआधी सोडली. आज विकतचा डबा नव्हता, मुळा शिजवला होता. करपला. खाल्ला.

२१ मार्च, शुक्रवार

शाळा बंद झाली. गाणं म्हटलं, कुलूप लावलं. होरिउचीबाईंना शेवटपर्यंत रडू आलं नाही, मग कुलूप लावताना आलं. मुलांनी फळी माझ्या घरी आणून दिली, कारण सामान उचलणारे ती तोडून नेणार होते. दारातून आत येईना, तिरकी करावी लागली. कोहारुने मागे राहून विचारलं, "गुरुजी, आता तरी ते दोन चौकोन भरणार का?"

मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे नाही." आणि गेली. तिला बसमध्ये खिडकीची जागा मिळायला हवी.

३० मार्च, रविवार

आठवडाभर घर बांधत होतो. कात्सुरादाबाईंचं. फळी कुठे नेता येत नाही, म्हणून एक लहान फळी कापली. घर लांबट कास्तेराचं. रंग अजिबात लावला नाही, रंगाचा त्यांना काय उपयोग. छपराला नालीदार पुठ्ठा, कौलांसारखा बोटाला लागतो. दार औषधाच्या खोक्याचं, सरकतं. उंबरा बाटल्यांच्या झाकणांचा, त्यांनीच निवडून ठेवलेल्या पिशवीतला. मागच्या झाडाला जाळीचा गुंता. आत टेबल, आणि टेबलावर कप म्हणून नोबुएच्या कोटाचं बटण, खोलगट आहे, आत बोट बसतं. चुकलेलं दिसत नाही म्हणून डोळे मिटून हात फिरवत होतो. दाराची फट मोठी लागली, दोनदा उकलून परत केलं.

उद्या सकाळच्या गाडीने नागोयाला जातो. मुलाने दारात उभं केलं नाही तर परत येईन. बरोबर एक कास्तेराही घेतलाय, न कापलेला. खोकं त्यांनी ठेवावं.

खाली नाव लिहायला पेन उचलला होता, मग ठेवून दिला. नाव लिहिलं की आमच्याकडे काय होतं ते माहीत आहे.

त्या लहान फळीवर एका बाजूला थोडी जागा राहिली होती. तिथे शेजारी माझंही घर बसवलं. खऱ्या गावात मधे दोन गल्ल्या आहेत, पण एक खोकं उरलं होतं, म्हणून.